संध्याकाळी दाराकडे निघणारे सासरे : स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांची घरातील देखभाल

मला आलेल्या एका पत्रातला मजकूर थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्या एका ताईंचे सासरे ७८ वर्षांचे आहेत. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी ते तालमीत घुमले, पुढे आयुष्यभर म्हशी पाळल्या आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. आता रोज साडेचारच्या सुमारास ते ‘घराकडं जातो’ म्हणत दाराकडे निघतात आणि अडवले तर हात उगारतात. पेटीतले पैसे सुनेने चोरले असे ते शेजारीपाजारी जाऊन सांगतात. आंघोळीला आठ-आठ दिवस तयार होत नाहीत. ताईंचे यजमान शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात, नणंद इचलकरंजीत आहे आणि पुण्यातल्या धाकट्या दिरांचे म्हणणे असे, की आबा फोनवर अगदी नीट बोलतात, वहिनीच उगीच वाढवून सांगते. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : झोपेची गोळी वाढवून घ्यावी का, आबांचा हट्ट कसा मोडावा, आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवले तर पाप लागेल का.

ताई, या तिन्ही प्रश्नांकडे मी येणारच आहे. परंतु तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता जे लिहिले आहे, ते मला सर्वांत निकडीचे वाटते. गेल्या चार-पाच दिवसांत आबा दिवसभर गुंगीत असतात, रात्री जागतात आणि माळ्यावर माणसे बसली आहेत असे म्हणतात. आजार पुढच्या पायरीवर गेला, असा अर्थ तुम्ही त्यावरून काढला आहे. तो अर्थ मला मान्य नाही. अल्झायमर महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. चार दिवसांत माणूस बदलला, तर मूळ आजारावर दुसरे काहीतरी येऊन बसले आहे असेच आधी धरून चालावे. लघवीतला जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, छातीत कफ होऊन झालेला न्यूमोनिया, कित्येक दिवसांची बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध, किंवा पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. या वयात संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही, त्यामुळे ‘अंग गरम नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. उद्याच आबांना तुमच्या डॉक्टरांकडे किंवा थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा. नेमके कारण सापडून त्यावर उपचार झाले, तर माळ्यावरची माणसे बहुतेक वेळा निघून जातात. मात्र पूर्ववत व्हायला काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात.

सर्दी झाली म्हणून त्यांना गेल्या आठवड्यात मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. सर्दीच्या आणि खाजेच्या जुन्या पद्धतीच्या, झापड आणणाऱ्या गोळ्या मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात. आबांना चालू असलेली डोनेपेझिलची गोळी तेच रसायन टिकवून धरण्यासाठी असते. म्हणजे एका गोळीने मिळवलेले दुसरीने घालवले जाते, वर लघवी अडकते आणि गोंधळ वाढतो. त्या गोळीची पट्टी डॉक्टरांना अवश्य दाखवा. आबा महिन्या-दोन महिन्यांपूर्वी पडले असतील आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील, तर तेही सांगा, कारण कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त कित्येक आठवड्यांनी लक्षणे दाखवते आणि सीटी स्कॅन केल्याशिवाय ते समजत नाही. निदानाच्या वेळी ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांच्या तपासण्या झाल्या होत्या का, तेही जुन्या कागदांत पाहून ठेवा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी झालेले पुष्कळदा आढळते आणि ते भरून काढणे अवघड नसते.

आता झोपेच्या गोळीविषयी. वाढवू नका. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला झोपेच्या गोळीने सलग झोप लागण्यापेक्षा अर्धवट गुंगी येण्याचा संभव जास्त असतो. त्या गुंगीत तो लघवीला उठतो, पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर घरातली परिस्थिती आजच्यापेक्षा कितीतरी कठीण होते. आक्रमकपणासाठी दिली जाणारी रिस्पेरिडोनसारखी औषधे वेगळ्या गटातली आहेत. या गटातल्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये दिला आणि पक्षाघाताचा धोकाही त्यांच्याशी जोडलेला आहे. म्हणून ती कधीच देऊ नयेत असे मी म्हणणार नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागला, तर थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी आणि कधी बंद करायची हे आधी ठरवून ती द्यावी लागतात. मात्र संध्याकाळी दाराकडे जाण्यावर ती औषध नाहीत. डोनेपेझिल किंवा मेमँटिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधांकडूनही फार मोठी अपेक्षा ठेवू नका. काही रुग्णांना त्यांचा माफक आणि तात्पुरता आधार मिळतो, पण गेलेली स्मृती परत येत नाही. डोनेपेझिलने नाडी मंद होणे, जुलाब, भूक मरणे हे त्रास होऊ शकतात, त्यामुळे वजन घटत असेल तर डॉक्टरांशी बोला.

हट्ट मोडण्याचा विचार मात्र सोडून द्यावा लागेल. कालचे आज लक्षात राहत नसलेल्या माणसाला शिस्त लावता येत नाही. त्यांच्या वागण्यात बदल घडवायचा असेल, तर तो त्यांच्या आजूबाजूला असलेल्या गोष्टींत घडवावा लागतो : दिवसाच्या आखणीत, बोलण्याच्या पद्धतीत आणि कोणते काम घरातल्या कोणी करायचे यात. आजवर हा सगळा बदल तुम्ही एकट्यानेच करावा, असे घराने गृहीत धरलेले दिसते. त्याविषयी पुढे लिहिते.

साडेचारची वेळ घ्या. पन्नासेक वर्षे ज्या माणसाच्या दिवसाचा दुसरा भाग म्हशींच्या धारेने सुरू झाला, त्याचे शरीर ती वेळ विसरलेले नाही. दिवस, तारीख आणि नातवाचे नाव मात्र तो विसरला आहे. दिवस कलू लागला, की थकवा येतो, सावल्या लांबतात, घरात वर्दळ वाढते आणि स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता याच वेळी उसळते. आबांच्या बाबतीत त्यात कामाला उशीर झाल्याची टोचणीही मिसळलेली आहे, असे मला वाटते. अशा वेळी ‘आबा, म्हशी विकून पंधरा वर्षं झाली, हेच तुमचं घर’ असे सांगणे खरे असले, तरी त्याने काही साधत नाही. त्यांच्या दृष्टीने ती बातमी रोज नवी असते, आणि ज्याला ती ऐकावी लागते त्याला रागच येतो. त्याऐवजी त्यांच्या कामाविषयी विचारा : ‘आबा, आज किती लिटर निघालं म्हणायचं?’ ‘वैरण घातलीसा काय?’ उत्तर कोणतेही येवो, पाच मिनिटे तो विषय चालू द्या. दुधाची जुनी चरवी घरात असेल तर ती घासायला आणि पुसायला त्यांच्या हातात द्या. ती रोज तीच असली तरी हरकत नाही. आणि सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे साडेचारची वाट न पाहता चारलाच कोणीतरी त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडावे, गंगावेशीपर्यंत किंवा रंकाळ्याच्या बाजूला चालवून आणावे आणि परतल्यावर चहा द्यावा. बाहेर जाऊन परत आलेला माणूस पुन्हा निघण्याची घाई सहसा कमी करतो. दिवे अंधार पडण्याआधीच लावा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासात आवरती घ्या आणि टीव्हीवरच्या बातम्यांचा आरडाओरडा त्या वेळी बंद ठेवा. नवरात्रात किंवा गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी पेठेत जो दणदणाट असतो, तो आबांना सोसणार नाही. ते एक-दोन दिवस त्यांना नणंदेकडे पाठवावे, मात्र सोबत ओळखीचे माणूस आणि त्यांचे नेहमीचे अंथरूण असावे.

तरीही ते निघालेच, तर दारात आडवे उभे राहू नका. त्यांच्या शेजारून चालत जा, थोडे अंतर गेल्यावर बोलता बोलता वळवा. हात उगारण्याचे प्रसंग बहुतेक वेळा अडवण्यातून किंवा मागून धरण्यातून उद्भवतात. बंडीच्या आतल्या खिशावर नाव आणि दोन फोन नंबर शिवून घ्या. पेठेतल्या तालमीतली मुले, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, रिक्षा थांबा यांना आबांच्या आजाराची स्पष्ट कल्पना द्या. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत माणसे एकमेकांना ओळखतात, ही तुमच्या जमेची बाजू आहे. त्यांचा अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि ते दिसेनासे झाले तर नातेवाइकांना विचारत तास घालवण्याऐवजी ११२ वर लगेच कळवा. दाराची कडी वर किंवा अगदी खाली लावता येईल, पण आबांना आत कोंडून घरातल्या सर्वांनी बाहेर जाणे कधीही करू नका. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करत जा.

चोरीचा आळ हा या आजारातला सुनांच्या वाट्याला हमखास येणारा भाग आहे, आणि ज्या माणसाला आपण भाकरी करून वाढतो त्यानेच शेजारी जाऊन असे बोलावे, याचे दुःख मी हलके करू शकत नाही. त्यामागे घडते एवढेच, की पैसे कुठे ठेवले हे आठवत नाही, आठवत नाही हेही उमगत नाही, आणि मन त्या रिकाम्या जागी मिळेल ते कारण घालते. जे माणूस सतत जवळ वावरते, त्याचेच नाव पुढे येते. शपथा घेऊ नका, देवासमोर उभे राहू नका, खिसे उलटे करून दाखवू नका. ‘सापडंनात व्हय? चला, आपण दोघं शोधूया’ एवढेच म्हणून शोधायला लागा. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात : गादीखाली, ज्वारीच्या डब्यात, जुन्या कोटाच्या खिशात. केरकचरा टाकण्याआधी एकदा पाहत जा. पेटीत दहा-वीसच्या नोटा ठेवत राहा आणि मोठी रक्कम व दागिने तिथून काढून घ्या. मात्र ते काढताना यजमान आणि नणंद दोघेही समोर असू द्या आणि यादी करून त्यावर सह्या घ्या, म्हणजे पुढे तुमच्यावर बोट उचलले जाणार नाही.

आंघोळीबाबत तुम्ही लिहिले आहे, की पाणी काढून हाक मारली तरी ते बसून राहतात आणि हात धरून उठवले तर शिव्या देतात. यात तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट असावी : सासऱ्यांना सुनेसमोर उघडे होण्याचा संकोच. स्मृती गेली तरी लाज जात नाही. हे काम यजमानांनी किंवा पुरुष मदतनिसाने करावे. आठवड्यातून दोन-तीन आंघोळी पुरेशा आहेत. बाकीच्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसून, जांघा आणि काखा कोरड्या ठेवल्या तरी त्वचा चांगली राहते. आणि ‘आंघोळ’ हा विषयच काढू नका. तालमीतल्या माणसाला ‘आबा, तेल लावूया चला’ हे म्हटलेले वेगळे ऐकू येते. खांद्याला आणि पाठीला तेल लागले की पुढे पाणी घेणे त्यांच्या जुन्या सवयीचाच भाग ठरते. तेल लावायचे ते न्हाणीत खुर्चीवर बसवूनच, आणि तळपायांना मुळीच नाही, कारण तेलकट पायांनी ओल्या फरशीवर उभे राहणे म्हणजे खुब्याच्या शस्त्रक्रियेला आमंत्रण आहे. पाणी आधीच कोमट करून ठेवा, मांडीवर पंचा असू द्या, तांब्या त्यांच्या हातात द्या आणि पाणी पायांपासून वर घ्या. डोक्यावर अचानक पडलेले पाणी त्यांना घाबरवते. कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक रचून ठेवा. ऐकलेच नाही, तर तासाभराने पुन्हा विचारा. तोवर मघाचा नकार ते विसरलेले असतात.

पुण्याच्या दिरांचा अनुभव खोटा नाही, अपुरा आहे. पाहुण्यांसमोर किंवा फोनवर पाच-दहा मिनिटे नीट बोलणे या रुग्णांना पुष्कळ काळ जमते. ‘काय म्हंतासा, बरं हाय, पाऊसपाणी हाय का’ ही वाक्ये आयुष्यभराच्या सरावाची असतात, त्यांना ताजी स्मृती लागत नाही. वाद घालून हे पटणार नाही. दिरांनी सलग आठ दिवस येऊन राहावे, आणि त्या आठ दिवसांत तुम्ही घरात नसावे. तुम्ही असलात, तर सगळे तुम्हीच करणार आणि ते बघणार. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात अपत्य या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून त्यात नाही. प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात कुणी जावे असे मी सुचवत नाही, पण तिन्ही भावंडे एकत्र बसतील तेव्हा हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. मदतनिसाचा पगार, औषधे, डायपर आणि महिन्यातून ठरावीक दिवस प्रत्यक्ष येऊन राहणे, हे तिघांत वाटून कागदावर घ्या. जो पैसे देतो त्याला दिवस माफ, असे ठरवू नका, दोन्ही हवे.

याच बैठकीत बँकेचा आणि मिळकतीचा विषय घ्या, कारण त्याला मुदत आहे. पुष्कळ घरांत कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले असे समजतात. परंतु आपल्याकडच्या करार कायद्यानुसार ज्याने ते दिले तो मानसिकदृष्ट्या अक्षम झाला, की ते संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवसासाठी केले त्याच दिवशी ते उपयोगी पडत नाही. मृत्युपत्रही समज शाबूत असतानाच करता येते. आबांची समज आज कितपत आहे हे डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि ती पुरेशी असल्याचे त्यांनी लेखी दिले तरच पुढे जा. नसेल, तर सह्या घेण्याच्या भानगडीत पडू नका. मिळकतीचा व्यवहार करण्यावाचून इलाजच नसेल, तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते आणि त्यासाठी वकील लागतो. पैसे काढताना सही जुळत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय बँकेत आहे. त्यांतला एक बँकेचाच अधिकारी असतो. आबांना कोणती पेन्शन असल्यास हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रांगेत उभे करू नका, चेहरा ओळखून मोबाइलवरून तो देता येतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारत योजनेचे वेगळे कार्ड मिळते, तेही काढून ठेवा.

वृद्धाश्रमाचे म्हणाल, तर यात पापाचा प्रश्न मला दिसत नाही. प्रश्न असा आहे, की तिथे रात्री दोन वाजता उठलेल्या माणसाजवळ कोण असते. बहुतेक वृद्धाश्रम चालत्याफिरत्या, समजूतदार वृद्धांसाठी असतात आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेत नाहीत; घेतात तिथे सूचना न देता दुपारी आणि संध्याकाळी जाऊन पाहा. माणसे खुर्चीला बांधलेली आहेत का, सगळे एकाच वेळी गुंगीत आहेत का, लघवीचा वास येतो का, रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी आहेत, कोणाच्या सांगण्यावरून औषधे दिली जातात, हे विचारा. जागा बदलल्यावर पहिले काही आठवडे आबांचा गोंधळ वाढेल, हेही धरून चाला. माझे मत असे, की आधी दिवसाच्या वेळेसाठी एक पुरुष मदतनीस ठेवून पाहावा. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोतून माणूस घेतलात तर पहिले आठ दिवस यजमानांनी सुट्टी काढून त्याच्याबरोबर राहावे; त्याला वर लिहिलेली चरवीची, तेलाची आणि पेटीची गोष्ट समजावून सांगावी, नाहीतर तो फक्त राखण करील. एवढे करूनही रात्री कुणाला झोप मिळत नसेल, आबा उचलता येत नसतील किंवा तुमच्यावर हात पडत असेल, तर चांगल्या संस्थेत ठेवणे हाच योग्य निर्णय असेल, आणि तो तिन्ही भावंडांच्या सहीने व्हावा.

तुमच्या पाठदुखीचा आणि वाढलेल्या रक्तदाबाचा उल्लेख तुम्ही एका ओळीत संपवला आहे. आबांना दाखवायला न्याल तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा. रडू येणे, झोप उडणे, आबांवर हात उचलावासा वाटणे हे वाढत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांसंबंधीच्या इतर माहितीसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

गिळण्याचा त्रास आणि अंथरुणाला खिळणे हा या आजाराचा पुढचा भाग आहे. त्याविषयी आज तपशिलात लिहीत नाही. एवढेच सांगते, की जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास आबांना ताठ बसवत चला, घास लहान द्या, आणि पाण्याने ठसका लागू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा. शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालण्याचा विषय निघेल, तेव्हा नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही, हे लक्षात असू द्या. त्याविषयी भावंडांनी आधीच बोलून ठेवलेले बरे.

उद्या दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून आणलेल्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्याही. एका कागदावर लिहा : गोंधळ कोणत्या दिवशी सुरू झाला, शौचाला शेवटचे कधी झाले, लघवी किती वेळा होते, जेवण आणि पाणी किती जाते, अलीकडे कधी पडले. डॉक्टरांशी बोलताना आबांच्या देखत ‘हे असे करतात, तसे करतात’ असे सांगू नका; कागद हातात द्या. आणि यजमानांना बरोबर घेऊन जा, पाळी बदलून घ्यावी लागली तरी.